शाळेतल्या उंची-वजन तपासणीचं साहित्य: काय घ्यावं, काय टाळावं

वस्तीतल्या शाळेला कुणी देणगीदार भेटला की पहिली खरेदी होते ती चकचकीत काचेच्या वजनकाट्याची. उंची मात्र भिंतीवर चिकटवलेल्या जिराफाच्या कागदावरच मोजली जाते. आमच्या मते ही खरेदी उलटी आहे. मूल कृश आहे की नाही, त्याची वाढ खुंटली आहे की नाही, हे ठरवताना सर्वांत महाग चूक उंचीत होते. त्यामुळे हातात मोजके पैसे असतील तर ते आधी उंचीच्या साधनावर घालावेत.

हिशोब करून बघा. पूर्ण ८ वर्षांची एक मुलगी, खरी उंची ११६ सेंटीमीटर, वजन १७.२ किलो. तिचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, येतो १२.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात या वयाच्या मुलीसाठी उणे २ एसडीची रेषा (सरासरीच्या दोन प्रमाण विचलन खालची; तिच्याखाली बीएमआय गेला तर मूल कृश, उंची गेली तर वाढ खुंटलेली) बीएमआयला १२.९ आणि उंचीला साधारण ११५ सेंटीमीटर आहे. म्हणजे ही मुलगी कृश आहे, पण तिची उंची खुंटलेली नाही. आता उंचीपट्टी भिंतीवर दोन सेंटीमीटर वर लागली आणि उंची ११४ नोंदली गेली असं समजा. बीएमआय होतो १३.२. कागदावर ती कृश राहत नाही, उलट खुंटलेल्या उंचीच्या यादीत जाते. वजन अगदी बरोबर, तरी एका खिळ्यामुळे दोन्ही निदानं चुकली. या उंचीच्या मुलात एक सेंटीमीटरची चूक बीएमआयला जेवढं हलवते, तेवढं हलवायला वजनात सुमारे ३०० ग्रॅमची चूक व्हावी लागते. आजचा साधा डिजिटल काटासुद्धा सहसा एवढा चुकत नाही.

हे परीक्षण प्राथमिक शाळांसाठी आहे. कोल्हापूर शहरातल्या राजेंद्रनगर, यादवनगर, कनाननगर, सदर बाजार, विचारे माळ अशा भागांतली मुलं जिथे शिकतात त्या शाळा, आणि हंगामात ऊसतोड टोळ्यांची मुलं जिथे येऊन बसतात त्या करवीर, शिरोळ, हातकणंगल्याकडच्या शाळा डोळ्यांसमोर आहेत. अंगणवाडीत मुलाचं वजन दर महिन्याला होतं आणि पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर चढतं. सहा वर्षं झाली की ते मूल त्या नोंदीतून बाहेर पडतं. मग उरते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वर्षातून एकदाची तपासणी आणि प्रगतीपुस्तकातले उंची-वजनाचे दोन रकाने. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातल्या ५ ते ९ वयोगटातली २२ टक्के मुलं खुंटलेल्या उंचीची आणि २३ टक्के कृश आढळली होती. एवढं मोठं प्रमाण असताना ते दोन रकाने अंदाजपंचे भरणं म्हणजे मुलांवर अन्याय आहे.

आता एकेक वस्तू.

कागदी किंवा विनाइलचा उंची-तक्ता. दिसायला छान, मुलांना आवडतो, वर्ग सजतो. मोजणीसाठी घेऊ नका. विनाइल चिकटवताना ताणलं जातं आणि कागद आपल्याकडच्या पावसाळ्यात सर्द होऊन फुगतो. काही तक्त्यांवरच्या खुणा मुळातच चुकीच्या छापलेल्या असतात. स्टीलची टेप लावून ० ते १०० चं अंतर मोजलं की कळतं. शिवाय हे तक्ते बहुधा स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या, वरून चिकटवतात. टाच स्कर्टिंगला टेकते, पाठ भिंतीपासून सुटते आणि मूल मागे रेलून उभं राहतं.

भिंतीवरचा गुंडाळी उंचीमापक. वर डबी, तिच्यातून खाली ओढायची स्टीलची पट्टी, टोकाला डोक्यावर टेकवायचा प्लास्टिकचा आडवा तुकडा. काही शे रुपयांत मिळतो आणि नीट लावला तर या किमतीत याला तोड नाही. सगळं गणित तो लावण्यात आहे. आधी स्कर्टिंग नसलेली भिंत शोधा. न मिळाल्यास दरवाजाशेजारचा सरळ खांब चालतो. आडवा तुकडा फरशीवर टेकवा, डबी वर सरकवत न्या, खिडकीत बरोबर शून्य दिसलं की तिथे खूण करा. ही फरशी म्हणजे मूल जिथे टाच ठेवणार तीच जागा. शहाबादी फरशी भिंतीकडे उतरती असेल तर पाच-सहा मिलिमीटर इथेच जातात. पट्टी सरळ लोंबते की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने बघा. खिळा ठोकू नका, प्लग घालून स्क्रू लावा. चुन्याच्या जुन्या भिंतीत खिळा महिन्याभरात ढिला होतो, डबी खाली येते आणि सगळी शाळा कागदावर उंच होते.

याचा खरा दोष म्हणजे डोक्यावरचा तुकडा लहान आणि हलका असतो. तो पुढे झुकतो, आणि झुकला की उंची जास्त भरते. उपाय सोपा आहे. सुताराचा लहान गुण्या जवळ ठेवा, त्याची एक बाजू भिंतीला आणि दुसरी तुकड्याच्या खाली लावा. काटकोन झाला तरच वाचन घ्या. दोन-तीन वर्षांत आतली स्प्रिंग सैल पडते, पट्टी जागेवर थांबत नाही. तेव्हा दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा घ्यावा.

सुट्ट्या भागांचा स्टँड. एकच पथक अनेक शाळांत जात असेल तर हाच योग्य. उदाहरणार्थ सेका कंपनीचा २१३ हा नमुना २० ते २०५ सेंटीमीटर मोजतो, १ मिलिमीटरच्या खुणा आहेत, भाग सुटे होऊन पिशवीत बसतात आणि हलका असल्यामुळे वडापमधूनही (शेअर जीपमधूनही) नेता येतो. किंमत एका शाळेला जड जाते. पाच-सहा शाळांनी मिळून किंवा शाळांच्या केंद्राच्या पातळीवर घेतला तर परवडतो. वापरताना दोन गोष्टी सांभाळा. जोड पूर्ण बसले नाहीत तर प्रत्येक सांध्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट राहते आणि ती वरच्या प्रत्येक वाचनात मिसळते. आणि तळपाट डगमगत असेल तर त्याखाली कागदाच्या घड्या सारू नका, जागा बदला. पोषण अभियानातून अंगणवाड्यांनाही उंचीमापक मिळालेले आहेत. शेजारच्या अंगणवाडीताईंशी बोलून वर्षातून दोन दिवस तो वापरायला मागता येईल. आपल्या शाळेची निम्मी मुलं त्यांच्याच हातून आलेली असतात.

सुताराकडून करून घेतलेला उंचीफळा. आमची पहिली पसंती याला आहे, कारण तो दोष दाखवतो आणि गावातच दुरुस्त होतो. पाण्यात न फुगणारा बीडब्ल्यूपी प्लाय घ्या, १८ मिलिमीटर जाड. उभी फळी १६० सेंटीमीटर उंच, २५ सेंटीमीटर रुंद. पायाचा पाट ४० बाय ४०. दोन्ही गुण्यात जोडून मागून त्रिकोणी आधार द्यायचा. उंची १५० ठेवली तर पाचवीतल्या काही मुली त्याबाहेर जातात, म्हणून १६०. फळीच्या मध्यभागी पट्टीच्या जाडीइतकी खाच पाडून तीत स्टीलची टेप बसवायची. इथे सुतार हमखास चुकतो, कारण टेपच्या टोकाचा हुक हलता असतो आणि तो तसाच ठेवला की शून्य सरकतं. हुक कापून टाका आणि शून्यापासून न जुळवता पाटाच्या पृष्ठभागापासून बरोबर १० सेंटीमीटर मोजून टेपवरची १० ची खूण तिथे आणा. डोक्यावर टेकवायचा ठोकळा हलक्या लाकडाचा हवा, फळीला टेकणारी बाजू किमान १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे तो झुकत नाही. वर वॉर्निशचे दोन हात. सगळा फळा सहा-सात किलोचा होतो. एका माणसाला उचलता येतो, पण दुचाकीवरून नेऊ नये. पाटाचा जोड हलतो.

साधन कोणतंही असो, अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप बरोबर १०० सेंटीमीटर कापून घ्या आणि त्यावर तारखा लिहीत जा. तपासणीच्या सकाळी तो पाइप उभा करून मोजायचा. ९९.८ ते १००.२ च्या बाहेर आकडा आला तर आधी साधन दुरुस्त करायचं, मग मुलं बोलवायची.

वजनकाट्याबद्दल थोडक्यात. तबकडीचा स्प्रिंगकाटा नको. त्यावर अर्ध्या किंवा एक किलोच्या खुणा असतात, आणि या वयातलं मूल वर्षभरात दोन-तीन किलोच वाढतं. सहा महिन्यांतली वाढ त्या दोन खुणांच्या मध्येच हरवते. डिजिटल काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की पुरे. ५० ग्रॅमचा मिळाला तर उत्तम. काचेपेक्षा खरबरीत रबरी किंवा लोखंडी पृष्ठभाग चांगला, कारण ओल्या पायांनी मुलं घसरतात. पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. नाण्याच्या आकाराची बॅटरी गावात ऐनवेळी मिळत नाही, आणि ती उतरायला लागली की काही काटे बंद पडण्याऐवजी चुकीचे आकडे दाखवत राहतात.

घरगुती काट्यांची एक खोड दुकानदार सांगत नाही. बऱ्याच काट्यांत आधीचं वजन लक्षात ठेवलेलं असतं. तेच मूल पुन्हा चढलं आणि फरक थोडा असला, तर काटा जुनाच आकडा दाखवतो. आपण दोनदा मोजून समाधान मानतो, पण दुसरी मोजणी झालेलीच नसते. दुकानातच तपासा: एकदा रिकाम्या हाताने चढा, उतरा, मग २०० ग्रॅमचा बिस्किटाचा पुडा हातात घेऊन चढा. आकडा हलला नाही तर काटा परत ठेवा.

काटा बरोबर आहे का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. धान्याच्या व्यापाऱ्याकडून वैधमापनाचा शिक्का असलेली ५ किलोची चार वजनं तासाभरासाठी आणा. ५, १०, १५, २० अशी चढवत न्या आणि तशीच उतरवत या. नुसतं २० वर बरोबर आलं म्हणून सोडू नका. पहिलीतलं मूल १५-१६ किलोचं असतं, तिथे काय दिसतं ते महत्त्वाचं. काटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर, सतरंजीवर किंवा चटईवर ठेवला की कमी दाखवतो. खोपटाजवळ मोजायचं असेल तर दोन फूट बाय दोन फुटांचा १८ मिलिमीटरचा प्लाय सोबत न्या आणि स्पिरिट लेव्हल लावून मगच त्यावर काटा ठेवा.

अंगातली चरबी सांगणारा मोबाइल ॲपवाला काटा प्राथमिक शाळेसाठी घेऊ नका. त्यातली सूत्रं मोठ्या माणसांवर बेतलेली असतात, आणि मुलांची माहिती कुठल्यातरी कंपनीकडे जाते ती वेगळीच. दंडघेराची लाल-पिवळी-हिरवी पट्टी हीसुद्धा शाळेसाठी नाही. ११.५ आणि १२.५ सेंटीमीटरच्या तिच्या रेषा ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. आठ वर्षांचं हाडाडलेलं मूलही त्या पट्टीवर हिरव्यात येतं आणि सगळे निर्धास्त होतात.

साहित्य उत्तम असूनही बिघडतं ते मोजताना. दोन माणसं हवीतच. एकाने गुडघ्यावर बसून मुलाचे घोटे धरायचे, टाचा टेकलेल्या आहेत हे बघायचं. दुसऱ्याने डोकं धरून वाचन घ्यायचं. टाचा, नितंब, खांद्यामागची हाडं फळीला टेकलेली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी वर केली की उंची कमी येते, म्हणून "वर बघ" असं सांगू नका, "समोर बघ" म्हणा. दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनींची फुलं केलेली असतील तर ती सोडायला लावा. केसांवर ठोकळा दाबून कवटीला टेकला पाहिजे. वाचन घेणाऱ्याचा डोळा खुणेच्या पातळीवर हवा. उंच शिक्षकाने उभ्याने वरून वाचलं तर पहिलीच्या मुलाची उंची हमखास चुकते, त्यासाठी खाली बसावं लागतं.

वजन आहाराच्या आधी. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळीचं जेवण ठरलेलं आहे. शिजून ते तिप्पट होतं, वर तांब्याभर पाणी. म्हणजे जेवणानंतर अर्धा किलो फुकट वाढतो. स्वेटर, पट्टा, बूट काढायचे, खिसे रिकामे करायचे. गोट्या, दगड, चिंचोके असं पुष्कळ काही निघतं. उंची सकाळच्या सत्रातच मोजा आणि पुढच्या वेळीही सकाळीच. दिवसभरात मणके दबून उंची सेंटीमीटरभर कमी होऊ शकते.

प्रत्येक मोजणी दोनदा, मुलाला खाली उतरवून. उंचीत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. नोंद मिलिमीटरपर्यंत लिहा. सगळी शाळा झाली की शेवटचे अंक मोजून बघा. २०० उंचींत शेवटी ० किंवा ५ असलेल्या चाळीसएक असायला हव्यात. ऐंशी-नव्वद निघाल्या तर कुणीतरी आकडे गोल करत होतं, आणि ती यादी पुन्हा मोजायला हवी. आकडे मोठ्याने वर्गात वाचू नका. "किती हाडकुळी" असं एकदा कानावर पडलेली मुलगी पुढच्या तपासणीच्या दिवशी शाळेत येत नाही.

आता वय, कारण त्याशिवाय वरचं सगळं वाया. आपल्याकडे जनरल रजिस्टरमध्ये १ जून ही जन्मतारीख असलेली मुलं किती आहेत ते एकदा मोजा. दाखला नसला की प्रवेशाच्या वेळी ही तारीख टाकून मोकळं व्हायची पद्धत जुनी आहे. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. सहा महिन्यांनी वय चुकलं तर अपेक्षित उंची तीन सेंटीमीटरने चुकते. तेवढी चूक वाईटातल्या वाईट उंचीपट्टीतही होत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड मागा. तेही नसेल तर आईला सणावारावरून विचारा. कुठल्या हंगामात, दिवाळीच्या आधी की नंतर, एवढं तरी बहुतेक वेळा नक्की सांगता येतं. अंदाजे वय असेल तर नोंदवहीत तसं लिहा आणि टक्केवारी काढताना ती मुलं वेगळी धरा.

हिशोबासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं अँथ्रोप्लस हे सॉफ्टवेअर आहे. मोफत आहे, संगणकावर चालतं, १९ वर्षांपर्यंतची मुलं घेतं. जन्मतारीख, तपासणीची तारीख, मुलगा की मुलगी, वजन, उंची भरली की झेड स्कोअर, म्हणजे मूल सरासरीपासून किती एसडी वर किंवा खाली आहे ते आकडे, मिळतात. वयानुसार बीएमआय उणे २ च्या खाली म्हणजे कृश, उणे ३ च्या खाली म्हणजे तीव्र कृश, अधिक १ च्या वर म्हणजे जादा वजन. वयानुसार उंची उणे २ च्या खाली म्हणजे वाढ खुंटलेली. वयानुसार वजन ते फक्त १० वर्षांपर्यंतच काढतं; त्यानंतर रकाना रिकामा दिसला तर तो बिघाड समजू नये. उंचीचा झेड स्कोअर उणे ६ च्या खाली किंवा बीएमआयचा उणे ५ च्या खाली गेला की सॉफ्टवेअर ती नोंद संशयास्पद म्हणून दाखवतं. अशी नोंद पुसण्याआधी मूळ वही काढा. बहुतेक वेळा दिवस आणि महिना उलटा भरलेला असतो किंवा ११२ चं १२१ झालेलं असतं. संगणक नसेल तर याच तक्त्यांच्या महिन्यांनुसार छापील याद्या आहेत. पट्टी लावून बघायला एका मुलामागे मिनिटभर लागतं. बालरोगतज्ज्ञ इंडियन अकॅडमीचे २०१५ चे तक्ते वापरतात. तेही चांगले आहेत, पण एका शाळेत एकच तक्ता धरा, नाहीतर मागच्या वर्षीशी तुलना होत नाही.

हे सगळं साहित्य रक्तक्षय दाखवत नाही, हेही लक्षात असू द्या. उंची-वजन व्यवस्थित असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असू शकतं. त्यासाठी रक्ततपासणीच लागते. आठवड्याची गुलाबी लोहगोळी आणि १० फेब्रुवारी, १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोल या गोष्टी तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवायच्या नसतात. तीव्र कृश मूल सापडलं तर यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता त्याच आठवड्यात बाल स्वास्थ्य पथकाला कळवावं. पोषण पुनर्वसन केंद्रं ५ वर्षांखालच्यांसाठी असतात, त्यामुळे शाळेच्या वयाच्या मुलाला तिकडे धाडून आई-वडिलांचा रोज बुडवू नका. पथकामार्फत बालरोगतज्ज्ञांकडेच पाठवा, कारण या वयात एवढी कृशता असेल तर क्षयरोग किंवा दुसरा एखादा जुना आजार बघावाच लागतो.

साहित्य ठेवायचं कुठे? पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये कुठवर आलं होतं हे ठाऊक असलेल्या शाळांनी काटा आणि फळा वरच्या मजल्यावर किंवा निदान कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवावा. काट्यातले सेल सुट्टीत काढून ठेवावेत, नाहीतर जूनमध्ये आत हिरवा क्षार साचलेला मिळतो.

ऊसतोड टोळ्यांच्या मुलांसाठी एक जादा गोष्ट लागते: पुठ्ठ्याचं हातात मावणारं कार्ड. त्यावर नाव, जन्मतारीख आणि ती कशावरून घेतली, तपासणीची तारीख, उंची, वजन, आणि कोणत्या साधनाने मोजलं. ही मुलं दिवाळीच्या सुमारास येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की बीडकडे किंवा आणखी कुठे परततात. मोजणी आल्यावर पंधरा दिवसांत एकदा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा करा, कारण कारखाना कधी बंद होईल हे आधी कुणी सांगत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या आणि त्याची नक्कल शाळेत ठेवा.